मिटल्या डोळ्यांसमोरचे सिनेगॉग

सिंगापूरच्या वॉटर्लू स्ट्रीटवरील १८७८ सालच्या सिनेगॉगचे नाव मागेन अबोथ. आमच्या अलिबागच्या इस्रायल आळीतील सिनेगॉगचेही नाव तेच. ते १८४८ चे, १९१० साली पुन्हा बांधलेले. त्यामुळे शब्बाथच्या तफिलाला येथे बसलो की मन तेथे जाते.

एकदा डोळे मिटून आम्ही अलिबागच्या सिनेगॉगच्या खिडक्या मोजू लागलो. चित्र लख्ख होते, पण संख्या दर वेळी निराळी! फ्रेंच तत्त्ववेत्ते आलँ यांनी हीच मेख दाखविली होती. पॅरिसची पँथिऑन ही इमारत डोळ्यांपुढे दिसते म्हणणाऱ्यांना ते तिचे खांब मोजावयास सांगत. समोरची वस्तू पुन्हा निरखली तर नवे काही सापडते. मनातल्या चित्रात आपण घातले तेवढेच असते. त्यातही आमच्या चित्रातला बाक नीट न्याहाळला, तर तो येथलाच निघाला, आम्ही बसलो होतो तोच! आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो नव्हे. मेंदू ती दर वेळी नव्याने जुळवितो आणि हाताशी असेल ते सामान वापरतो.

चालींचेही तसेच. येथील तफिला बगदादी चालीत होते. हझान गात असताना त्याच प्रार्थनेची आमची चाल काही केल्या आठवत नाही; ते थांबले की ती आपसूक मनात वाजू लागते. कानांनी ऐकणे आणि मनात ऐकणे या दोहोंसाठी मेंदूचे काही भाग सामाईक आहेत, म्हणून एकाच्या कामात दुसऱ्याची अडचण होते. (नातवंडांना आम्ही आपली चाल घरी, शांत वेळी शिकवितो ते याचसाठी.)

सर्वांनाच अशी चित्रे दिसतात असेही नाही. १८८० साली गॅल्टन यांनी लोकांना न्याहारीचे टेबल मनात आणावयास सांगितले, तेव्हा कित्येक शास्त्रज्ञांनी काहीच दिसत नाही असे कळविले.

वासाचे मात्र उलटे. लवंगेचा वास नुसता मनात आणून पाहा. पुष्कळांना तो आणता येत नाही. पण वासाची वाट मेंदूतील भावना व आठवणींच्या जागांना अगदी लागून जाते. हावदालाला लवंग नाकाशी धरली की आईची ओंजळ, कंदिलाचा पिवळा उजेड, सारे न बोलाविता येते. लोदच्या थोरल्या बहिणीला हे फोनवर सांगितले. ती म्हणाली, "कंदील कुठला रे? तेव्हा घरात वीज आली होती."