यांत्रिक हृदयपंप आणि आयुष्याचा अंदाज

हृदयाचे स्नायू दुर्बळ झाले, औषधांनी गुण येईना व दुसरे हृदय मिळण्याची सोय नसली, म्हणजे काही रोग्यांच्या छातीत लहानसा पंप बसवितात. तो हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातील रक्त ओढून महाधमनीत ढकलतो. त्याची तार पोटाच्या त्वचेतून बाहेर येऊन बॅटरीस जोडलेली असते. अशा वेळी आप्तांचा पहिला प्रश्न असतो, ‘आता किती वर्षे?’ शास्त्र त्यास कसे उत्तर देते, ते आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

प्रथम अनुभवाचे आकडे पाहू. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हृदयरोपणास अपात्र असे १२९ रोगी होते. केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी शेकडा २५ एक वर्ष जगले, पंपवाल्यांपैकी ५२. दोन वर्षांनी हेच आकडे ८ व २३ झाले. पुढे पंप सुधारले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चुंबकबळाने अधांतरी फिरणाऱ्या चाकाचा ‘हार्टमेट ३’ पंप बसविलेल्यांपैकी शेकडा सुमारे ५८ रोगी पाच वर्षांनी हयात होते. यांत हृदयरोपणाची वाट पाहणारेही होते, म्हणून दोन्ही प्रयोगांची तुलना जपूनच करावी.

पण एकच आकडा सर्वांस लागू पडत नाही. या पंपासाठी केलेल्या गुणमापनात सहा गोष्टी पाहतात: वय, पूर्वीची बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया, रक्तातील सोडियम, रक्तातील युरिया, डाव्या कप्प्याचा आकार आणि हृदयाच्या उजव्या बाजूवरील ताण. सोडियम घटणे व युरिया वाढणे, ही रोग बळावल्याची व मूत्रपिंडे थकल्याची खूण होय. कप्पा लहान असल्यास पंपाच्या तोंडाशी रक्ताचा मार्ग अडू शकतो. उजव्या बाजूचे महत्त्व तर आपल्या शेतकऱ्यास सहज कळेल. विहिरीत झरा आटला तर इंजिन काय उपसणार? पंप डावीकडचे काम करतो. त्याच्याकडे रक्त पोचविण्याचे काम उजवी बाजूच करते.

वय व जुनी शस्त्रक्रिया बदलता येत नाही; मूत्रपिंडे व उजवी बाजू मात्र विलंबाने आणखी बिघडतात. म्हणून या अंदाजाचा खरा उपयोग वेळ साधण्याकडे आहे, असे आम्हांस वाटते. रोगी अगदी शेवटच्या अवस्थेस पोचल्यावर बसविलेला पंप तितकेसे यश देत नाही.

अंदाज समूहाचा असतो, व्यक्तीचा नव्हे. आपला माणूस ५८ मध्ये की उरलेल्या ४२ मध्ये, हे तो सांगत नाही. शिवाय हे गुणमापन शस्त्रक्रियेपूर्वीच्या माहितीवर होते. नंतर तारेच्या जागी जंतुसंसर्ग, रक्तस्राव, मेंदूचा झटका ही भये असतातच. जखमेची स्वच्छता, बॅटरीवर लक्ष आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांची नियमित तपासणी हे सर्व घरच्यांनाच पाहावे लागते.

तेव्हा वाचकांस आमची विनंती एवढीच की, ‘किती वर्षे?’ एवढेच विचारून थांबू नये. उजवी बाजू व मूत्रपिंडे कशी आहेत, आणखी थांबल्यास काय बिघडेल, आणि घरी आम्हांस काय करावे लागेल, हेही डॉक्टरांस विचारावे. आणि शक्य तर रोग्याच्या समक्षच विचारावे, कारण निर्णय मुळात त्याचा आहे.