गॅस गीझर आणि त्याचे धुराडे

महाराष्ट्रात पूर्वी घरोघरी आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापत असे. बंबाच्या मधोमध एक नळकांडे असते. त्याच्या तळाशी जाळीवर लाकडे किंवा कोळसे पेटवले, की सभोवतीचे पाणी तापते आणि धूर नळकांड्याच्या वरच्या तोंडाने निघून जातो. हा धूर डोळ्यांना झोंबे, नाकाला चटकन कळे. म्हणून बंब अंगणात किंवा पडवीत पेटविण्याची रीत होती. आजचा गॅस गीझर हा तत्त्वतः बंबच होय. खाली ज्योत, वर पाण्याची वेटोळी नळी आणि माथ्यावर जळलेल्या वायूंना बाहेर पडण्याची वाट, अशीच त्याची रचना असते. भेद इतकाच, की त्याचा धूर दिसत नाही व झोंबत नाही. त्यामुळे तो बंद न्हाणीघरात बसविण्यास कोणाला भय वाटत नाही. या उपकरणाचा खरा धोका येथेच आहे.

हा धोका उपकरणाइतकाच जुना आहे. लंडन येथील बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ साली गॅसवर तत्काळ पाणी तापविणारे यंत्र तयार केले आणि आइसलँडमधील उष्ण कारंजावरून त्यास ‘गीझर’ हे नाव दिले. त्या यंत्राला धुराडे नव्हते. जळलेले वायू खोलीतच पसरत.

ज्वलनाचा हिशेब

घरगुती सिलिंडरमधील गॅस हा मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण असतो. पुरेसा प्राणवायू मिळाला तर त्याच्या ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ एवढेच पदार्थ निर्माण होतात. परंतु ‘पुरेसा’ म्हणजे किती, हे पाहिले पाहिजे.

मिनिटाला ६ लिटर पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढविण्यास १५० किलोकॅलरी उष्णता लागते. वाया जाणारी उष्णता धरली तर मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम गॅस जाळावा लागतो व त्यासाठी २०० लिटरांहून अधिक हवा खर्च होते. दहा मिनिटांच्या स्नानात ही हवा २,००० लिटरांच्या वर जाते. आता न्हाणीघर २ मीटर लांब, दीड मीटर रुंद व २.४ मीटर उंच आहे असे समजू. त्यात एकंदर ७,२०० लिटर हवा मावते. खिडकी, दार व झरोके बंद असतील आणि जळलेले वायू खोलीतच राहत असतील, तर दहा मिनिटांत त्या हवेतील प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास उतरेल.

प्रत्यक्षात संकट त्याच्या आधीच उभे राहते. प्राणवायू कमी पडू लागला, की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन डायऑक्साइडबरोबरच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो.

अदृश्य विष

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चवही नाही. सिलिंडरमधील गॅसला उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो, त्यामुळे गळती तत्काळ ध्यानात येते. परंतु तो पदार्थ ज्योतीत जळून जातो. म्हणून ‘वास येत नाही, तेव्हा सर्व ठीक आहे’ हा समज गीझरच्या बाबतीत फसवा ठरतो.

रक्तातील हिमोग्लोबिन फुफ्फुसांतून प्राणवायू उचलून शरीरभर पोहोचविते. कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या विषाची ही करणी उलगडली. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन याने स्वतःच हा वायू हुंगून त्याचे परिणाम नोंदविले व ते १८९५ साली प्रसिद्ध केले. हवेत या वायूचे प्रमाण ०.०४ टक्के असेल तर तास-दोन तासांत डोके दुखू लागते. ०.१६ टक्के असेल तर वीसेक मिनिटांतच चक्कर व मळमळ सुरू होते आणि तेथेच राहिल्यास तास-दोन तासांत मृत्यू ओढवतो. एक टक्क्याच्या वर गेल्यास काही मिनिटेही पुरतात. पायांतील बळ व विचारशक्ती दोन्ही क्षीण होत असल्यामुळे, संकट उमगले तरी कडी काढून बाहेर येणे पुष्कळदा साधत नाही.

धुराड्याची ओढ

जळलेले वायू बाहेर नेणे हे धुराड्याचे काम होय. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. तप्त वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलके असल्यामुळे नळीतून वर चढतात व त्यांच्या जागी खालून ताजी हवा येते. यालाच धुराड्याची ओढ म्हणतात.

ही ओढ अत्यंत नाजूक असते. धुराडे २ मीटर उंच, आतील वायू १२० अंश व बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस असेल, तर निर्माण होणारा दाब पाण्याच्या अर्ध्या मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतकाच भरतो. उलट रेग्युलेटरमधून येणाऱ्या गॅसचा दाब सुमारे ३०० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. म्हणजे गॅस जोराने आत येतो आणि जळलेले वायू केवळ हलकेपणाच्या बळावर बाहेर पडतात. हलक्याशा अडथळ्यानेही ही वाट बंद होऊ शकते.

एक साधा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहण्यासारखा आहे. टेबलावर पेटलेली मेणबत्ती ठेवून तिच्यावर कंदिलाची काच उभी करावी. काचेची खालची कड टेबलाला घट्ट टेकलेली असेल, तर वरचे तोंड उघडे असूनही ज्योत मंदावते व बहुधा विझते. तीच काच दोन पेन्सिलींवर टेकवून थोडी उचलली, की ज्योत पुन्हा नीट जळते. तात्पर्य, खालून हवा आत आल्यावाचून धुराडे चालत नाही.

यावरून एका रूढ समजुतीचाही निकाल लागतो. भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसविला म्हणजे धोका टळला, असे पुष्कळांना वाटते. परंतु आत हवा येण्याची वाट नसेल, तर पंखा खोलीतील दाब कमी करतो. धुराड्याच्या अर्ध्या मिलिमीटर ओढीवर तो सहज मात करतो आणि जळलेले वायू उलट खोलीत खेचून घेतो.

गीझर कोठे व कसा बसवावा

सर्वांत उत्तम जागा म्हणजे न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत. गीझर उघड्या सज्जात किंवा बाहेरच्या भिंतीवर पावसापासून जपून बसवावा आणि गरम पाणी तेवढे नळाने आत आणावे. ज्या गीझरच्या माथ्यावर केवळ झरोके असतात व धुराडे जोडण्याची सोय नसते, तो न्हाणीघरात मुळीच बसवू नये. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार, जे उपकरण हवा बाहेरून घेते व जळलेले वायू बाहेरच सोडते, म्हणजे ज्याचा खोलीतील हवेशी संबंधच येत नाही, तेच न्हाणीघरात बसविता येते.

धुराडे असलेला गीझर घरात बसवावयाचा झाल्यास ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावे. त्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. धुराडे गीझरवरून प्रथम सरळ वर, साधारणतः निदान ६० सेंटिमीटर जावे; मगच वळण द्यावे. वळणे शक्य तितकी कमी असावीत व आडवा भाग बाहेरच्या दिशेने चढता असावा.
२. नळीचा व्यास उत्पादकाने सांगितल्याहून कोठेही कमी करू नये. सांधे घट्ट असावेत.
३. बाहेरचे तोंड खुल्या हवेत असावे. इमारतीच्या बंदिस्त पोकळीत, माळ्यावर किंवा खिडकीजवळ ते सोडू नये. त्यावर टोपी बसवावी, म्हणजे पाऊस, वारा व पक्ष्यांची घरटी यांपासून रक्षण होते.
४. खोलीला कायम उघडे राहणारे झरोके वर व खाली दोन्हीकडे असावेत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. थंडीच्या दिवसांत हे झरोके कागदाने वा कापडाने बुजवू नयेत. थंडीतच गीझर अधिक वेळ चालतो.
५. सिलिंडर न्हाणीघरात ठेवू नये.

उदबत्तीची कसोटी

बसविलेले धुराडे खरोखर ओढते की नाही, याची परीक्षा उदबत्तीने करता येते. दारे-खिडक्या लावाव्यात, घरातील पंखे सुरू करावेत आणि गीझर पाचेक मिनिटे चालवावा. नंतर पेटती उदबत्ती धुराड्याच्या मुळाशी असलेल्या फटीजवळ धरावी. धूर आत ओढला गेला तर ओढ ठीक आहे. तो बाहेर फेकला गेल्यास गीझर तत्काळ बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात व दोष दूर होईपर्यंत तो वापरू नये. गॅसच्या गळतीचा वास येत असताना मात्र कोणतीही ज्योत पेटवू नये; गळती साबणाच्या फेसाने शोधावी. ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी पडली किंवा काजळी धरू लागली, तर ज्वलन अपुरे आहे असे समजावे. वर्षातून एकदा संपूर्ण उपकरणाची तपासणी करवून घ्यावी. ज्योत विझताच गॅस बंद करणारी योजना पुष्कळ गीझरमध्ये असते, परंतु ती कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. त्यासाठी इशारा देणारे स्वतंत्र यंत्र मिळते, ते घरात असावे.

अपघात घडल्यास

स्नानास गेलेली व्यक्ती हाकेला ओ देत नसेल, तर दार उघडण्यास क्षणाचाही विलंब लावू नये. सिलिंडर बंद करावा, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात व त्या व्यक्तीस मोकळ्या हवेत आणावे. श्वास थांबला असल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा आणि ११२ क्रमांकावर मदत मागवावी. गीझर चालू होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटाला लावून प्राणवायू मोजणारे साधे यंत्र कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या रक्तालाही प्राणवायूयुक्त समजते, आणि खरे निदान निसटू शकते. शुद्ध प्राणवायू दिल्याने रक्तातील हे विष निम्मे होण्यास सुमारे तास-दीड तास लागतो. साध्या हवेत चार-पाच तास लागतात.

बंबाचा धूर आपला इशारा स्वतःच देत असे. गॅस गीझरच्या बाबतीत तो इशारा नाही. त्याची जागा खुला झरोका, नीट बसविलेले धुराडे आणि दक्षता यांनी भरून काढली पाहिजे.