रागरचनाकार कुमार गंधर्व

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी झाला. घर कन्नड भाषिक, संगीताचे शिक्षण मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे, आणि पुढे रचनांच्या शब्दांवर छाया माळवीची. सीमाभागातील वाचकास या भाषासंगमाचे फारसे नवल वाटू नये. ध्वनिमुद्रिकांवरील थोर गवयांचे गाणे हुबेहूब उतरविणारा हा बालक ‘कुमार गंधर्व’ या नावाने अल्पवयातच ख्यातकीर्त झाला.

१९४७ मध्ये क्षयाने त्यांना गाठले. हवापालटासाठी ते १९४८ मध्ये देवास येथे गेले. फुप्फुस निकामी होत चालले होते व गाण्यास सक्त मनाई होती. पत्नी भानुमती यांची शुश्रूषा आणि नव्याने उपलब्ध झालेले स्ट्रेप्टोमायसीन यांमुळे ते बचावले. या आजाराची कथा वारंवार सांगितली जाते. परंतु त्या सक्तीच्या मौनातून कोणती सांगीतिक विचारधारा उदयास आली, याची चर्चा त्या मानाने थोडीच होते.

अंथरुणावरून त्यांच्या कानी माळव्यातील लोकगीते पडत. या धुना बहुधा चारपाच स्वरांतच फिरतात. दोन प्रचलित राग एकत्र सांधून जोडराग सिद्ध करण्याची प्रथा जुनी आहे. कुमारजींनी निराळा मार्ग पत्करला. धुनेतील स्वरांच्या परस्परसंबंधात जो राग बीजरूपाने दडलेला असतो, तो त्यांनी विस्तारून दाखविला. अशा रागांना त्यांनी ‘धुनउगम’ म्हटले. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, संजारी ही त्यांतील काही नावे. मध्यान्हीच्या ‘मधसुरजा’ रागातील त्यांची बंदिश तर बळी दिल्या जाणाऱ्या बकऱ्याच्या आकांताची आहे. सासूनणंदेच्या गाऱ्हाण्यांत रमलेल्या ख्यालाला हा विषय सर्वस्वी नवा होता.

१९६५ मध्ये मौज प्रकाशनाने ‘अनूपरागविलास’ हा त्यांचा बंदिशसंग्रह प्रसिद्ध केला. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीनिमित्त त्यांनी ‘गांधी मल्हार’ रचला. ‘गीतवर्षा’, ‘त्रिवेणी’, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमांतून ऋतुगीते, संतवाणी आणि नाट्यपदे यांची त्यांनी नव्याने मांडणी केली. कबीराची निर्गुणी भजने त्यांच्यामुळेच मैफलीत स्थिरावली, असे म्हणण्यास हरकत नाही. परंपरावाद्यांचा आक्षेप मात्र अखेरपर्यंत राहिला.

१९७७ मध्ये पद्मभूषण व १९९० मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले. ‘अनूपरागविलास’चा दुसरा भाग त्यानंतर प्रकाशित झाला.