जुनी फोर बाय फोर घेताय? आधी पासिंग कुठलं ते बघा



आज पिकाचा नाही, गाडीचा मेसेज. मी काही मेकॅनिक नाही, पण विषय खिशाचा आहे.

आपल्या दोन सभासदांनी जुनी थार घेतली, दोन्ही २०१३ च्या. पीयूसीला दोघींचा धूर जवळपास सारखाच, के व्हॅल्यू २ च्या आसपास. एक पास, दुसरी नापास. मशीन खराब म्हणून वाद झाला. पण मशीन बरोबर होतं.

१ एप्रिल २०१० ला मुंबई, पुणे, सोलापूर अशा ठराविक शहरांत बीएस-४ लागू झालं. बाकी बहुतेक भागात एप्रिल २०१७ पर्यंत बीएस-३ चालत होतं. त्यामुळे आपल्याकडे डीआय थार (बीएस-३) मिळायची, पुणे पासिंगला मात्र सीआरडीई (बीएस-४). बीएस-३ डिझेल गाडीला धुराची मर्यादा २.४५ आहे, बीएस-४ ला १.६२. नापास झाली ती पुण्याची.

आता टायमिंग. डीआयचा डिझेल पंप यांत्रिक असतो. तो जरा फिरवला की टायमिंग मागेपुढे होतं. मागे गेलं तर ओढ कमी, धूर आणि डिझेल जास्त. पुढे घेतलं तर गाडी पळते, धूरही कमी दिसतो, म्हणून बरेच मिस्त्री तेच करतात. पण इंजिन ठोकायला लागतं, हेड गॅस्केट आणि पिस्टनवर ताण येतो. शिवाय न दिसणारे नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, जे डिझेलच्या पीयूसीत मोजलेच जात नाहीत. टायमिंग कंपनीच्या खुणेवरच ठेवा.

सीआरडीईत टायमिंग कॉम्प्युटर ठरवतो. तिथे पंप फिरवून उपयोग नाही, स्कॅनर लावणारा माणूस गाठा. ‘ईजीआर बंद करून टाकू’ म्हणणारे भेटतील, ऐकू नका. कार्बन साफ करून घ्या.

त्या नापास गाडीचं शेवटी काय निघालं? एअर फिल्टर मळणीच्या भुशाने गच्च भरलेला! नवा टाकला, गाडी पास झाली. म्हणून धूर दिसला की आधी फिल्टर, मग नोझल, टायमिंगला हात सगळ्यात शेवटी.

दिल्लीकडच्या दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्या सध्या स्वस्तात दाखवतात. एनओसी हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.

व्यवहाराआधी एम-परिवहन ॲपवर गाडी बीएस-३ की बीएस-४ ते बघा. समजलं नाही तर आरसीचा फोटो याच नंबरवर टाका, संध्याकाळपर्यंत सांगतो.

– आपला कृषी सल्लागार