आजोबांची पलटण आणि कालामांची कसोटी



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आपल्या एखाद्या घरी गेलात, तर तथागत आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्या तसबिरींशेजारी कधीकधी तिसरी तसबीर दिसते. डोक्याला फेटा किंवा टोपी, अंगात खाकी, छातीवर एकदोन पदके. विचारले तर उत्तर मिळते, "आमचे आजोबा. पलटणीत सुभेदार होते." कोणती पलटण, कोणते साल, हे विचारले की घर गप्प होते. माहिती असलेली थोरली आजी कधीच निघून गेलेली असते.

आजच्या पाठात या तसबिरीचा अभ्यास करू. यात धम्म कुठे आला, असे कोणी म्हणेल. केसपुत्त येथील कालामांना भगवंतांनी सांगितले, की परंपरेने आले म्हणून, ऐकीव आहे म्हणून किंवा सांगणारा आपला पूज्य आहे म्हणून काही मान्य करू नका. स्वतः पारखून घ्या. ही कसोटी दुसऱ्यांच्या पोथ्यांना लावणे आपल्याला सोपे जाते. ती आपल्या आजोबांच्या गोष्टीला लावणे कठीण. म्हणूनच ती तिथे लावावी.

प्रथम काळ पारखा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आपले पूर्वज मोठ्या संख्येने होते. 1 जानेवारी 1818 रोजी भीमा नदीकाठी कोरेगावला लढाई झाली. तेथील स्तंभावरील अनेक नावांच्या शेवटी 'नाक' आहे, तीच आपली खूण. पुढे 1892-93 च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली आणि शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, 111 वी महार पलटण उभी राहिली. 1921 साली ती मोडली. महार रेजिमेंटची स्थापना 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात झाली. म्हणून कोणी सांगितले, की आजोबा 1905 साली शिपाई म्हणून भरती झाले, तर तेथे थांबा. साल चुकले असेल, किंवा ते लढाऊ पलटणीत नसून दुसऱ्या कामावर असतील.

मग तसबीर पाहा. भिंगातून दंडावरच्या फिती मोजा. एक असेल तर लान्सनाईक, दोन असतील तर नाईक, तीन असतील तर हवालदार. टोपीवरचा बिल्ला पाहा. महार रेजिमेंटच्या जुन्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, पुढे त्या जागी खंजीर आला. एवढ्यावरून तसबिरीच्या काळाचा अंदाज बांधता येतो. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर गाव कळते. तसबीर पुसू नका, चिकटलेली असेल तर ओढू नका. आहे तशी मोबाईलवर तिचा फोटो घेऊन ठेवा.

पदक मिळाले तर त्याची कड वाचा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे नसून ब्राँझचे असेल, तर आजोबा बहुधा मजूर तुकडीत किंवा लष्कराच्या मागच्या कामावर होते. हे कळल्यावर कोणाला वाईट वाटू नये. युद्धात ओझी वाहणाराही माणूसच मरत होता.

नंतर कागद. घरातील डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, जुनी पत्रे पाहा. तहसील कचेरीत कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी मागा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. नंबर हाती असेल तर तेथे अर्ज करता येतो. महायुद्धात मरण पावलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत असतात. दुसऱ्या महायुद्धातील अनेक नोंदींत बापाचे नाव आणि गावही असते.

येथे दोन खड्डे आहेत. पहिला नावाचा. आज आपण लावतो ते आडनाव त्या कागदात नसेल. 'रामनाक' असेल, किंवा गावकामगाराने तुच्छतेने लिहिलेले 'राम्या' असेल. जातीच्या रकान्यातही बौद्ध नसेल, कारण नागपूरचा दिवस 14 ऑक्टोबर 1956 चा. दुसरा खड्डा गावाचा. पारगाव एक नाही. पारगाव तर्फे आळे जुन्नरमध्ये, पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आंबेगावमध्ये, शिवाय दौंड आणि पुरंदरमध्येही पारगाव आहे. आंबेगाव पूर्वी खेड तालुक्याचा पेठा होता, म्हणून कागदात 'तालुका खेड' असले तरी गोंधळू नका. नुसते नाव आणि 'पारगाव, पुणे' जुळले म्हणून दुसऱ्याचा आजोबा आपल्या भिंतीवर टांगू नका. बापाचे नाव, तालुका आणि नंबर यांपैकी निदान दोन गोष्टी जुळू द्या.

आता मुख्य प्रश्न. सुभेदार म्हणून सांगितलेले आजोबा कागदात शिपाई निघाले तर काय करायचे? कागद लपवायचा का? मुळीच नाही. मुसावादापासून विरत राहण्याचे शील आपण रोज घेतो. आपला इतिहास दुसऱ्यांनी दडपला, ही आपली तक्रार रास्त आहे; पण खोट्याने भरलेला इतिहास एका कागदाने कोसळतो, आणि त्याबरोबर खऱ्यावरचाही लोकांचा विश्वास जातो. ज्याला गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हते, तो शिपाई म्हणून ताठ उभा राहिला, वाचायला शिकला, मुलांना शाळेत घातले, एवढे पुरेसे आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी लष्करातच होते, हे विसरू नका.

आणि बढाईही नको. रणात मेलेला स्वर्गात जातो का, असे एका योद्ध्याने भगवंतांना विचारले, तेव्हा ती मिथ्यादृष्टी आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बाबासाहेबांनीही मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. 1 जानेवारी 1927 रोजी ते कोरेगावला गेले, ते आपल्याला आपल्या बळाची आठवण द्यावी म्हणून. आपण तसबिरीपुढे उभे राहावे ते रक्तासाठी नव्हे, स्वाभिमानासाठी.

जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे दगडात कोरलेली आहेत. त्यांत इरिल, चिट, चंद असे यवनही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परक्याचे नाव टिकले, कारण कोणी ते कोरले. आपल्या आजोबांचे नाव वहीत तरी उतरवा.

अभ्यासासाठी: येत्या पौर्णिमेच्या आत घरातील सर्वांत वयस्क माणसापाशी बसा. तसबिरीतील व्यक्ती कोण, हे विचारा. ते सांगतील ते एका पानावर लिहा, कागदाने सिद्ध झाले ते दुसऱ्या पानावर लिहा. दोन्ही पाने विहारात वाचून दाखवा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!