मृगाआधी वडाची कुंडी बदलून घ्या

रोहिणी नक्षत्र लागलं, हवेत दमटपणा आला, की वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांच्या बोन्सायची कुंडी बदलायला हात घालावा. ही चिकाची झाडं मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मुळांची छाटणी सोसतात आणि पुढच्या पावसात नवी मुळं धरतात. पाणी घातल्यावर ते वरच साचून राहत असेल, तर त्या कुंडीपासून सुरुवात करा.

आदल्या दिवशी पाणी देऊ नका, म्हणजे माती सुटी होते. बांबूच्या काडीने मुळांचा गुंता कडेकडेने सोडवा. सरळ खाली गेलेली जाड मुळं कापा, आडवी पसरलेली बारीक मुळं जपा. एकूण तिसरा हिस्सा काढला तरी पुरे. नव्या भरणात ज्वारी ते वाटाण्याएवढे विटांचे तुकडे दोन भाग आणि मुरलेलं शेणखत एक भाग घ्या. विटांची भुकटी चाळून टाकून द्या; आळस इथेच होतो आणि जुलैच्या झडीत मुळं कुजतात ती त्यामुळेच. नंतर दोन आठवडे सावली द्या. खत महिनाभर नको.

हे काम एकट्याने करू नका. एकाने खोड हव्या त्या कलात धरायचं, दुसऱ्याने कुंडीच्या भोकांतून तार ओवून झाड घट्ट बांधायचं. झाड हलत राहिलं, तर केसासारखी नवी मुळं फुटतात तशी तुटतात. म्हणून आम्ही काही जण जूनच्या एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर आपापल्या कुंड्या घेऊन जमतो. दुपारपर्यंत सगळ्यांचे हात चिकाने काळे झालेले असतात आणि मधोमध छाटलेल्या फांद्यांचा ढीग. तो ढीग कचऱ्यात जात नाही. अंगठ्याएवढी जाड वडाची फांदी पाने काढून ओल्या रेतीत खोचली, तर पावसाळ्यात मुळं धरते. माझ्याकडचं सगळ्यात देखणं झाड अशीच एक मागून आणलेली फांदी होतं. ज्यांनी दिली ते काका आजही आले की आधी त्याचं खोड चाचपतात.

जपानात १९२३च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय व्यावसायिक ओमियाला जाऊन वसले. तिथे राहायचं तर घरी किमान दहा बोन्साय हवीत आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला पाहू द्यायची, असा नियम होता. आपल्या गटांनीही दारं अशीच उघडी ठेवावीत. नवख्याला पुस्तकापेक्षा शेजारच्याची कुंडी लवकर शिकवते.

आषाढात तारेकडे लक्ष ठेवा. या दिवसांत फांद्या झपाट्याने जाड होतात, तार सालीत रुतते आणि तो वळ वर्षानुवर्षं जात नाही. दर पंधरा दिवसांनी पाहा. रुतू लागलेली तार उलगडत बसू नका, तुकडे करून काढा. बोगनवेल आणि अडेनियम मात्र पत्र्याखाली घ्या. बाकी कुंड्यांच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा ठेवला की साचलेलं पाणी निथळतं.

आणि वडाला पारंबी फुटलेली दिसली, तर तिला सरबताच्या नळीतून मातीपर्यंत उतरवा. नळीत थोडं ओलं कोकोपीट भरा. टोक मातीत रुजलं की नळी उभी चिरून अलगद काढून घ्या.