अनिश्चित उत्पन्नाचे वार्षिक अंदाजपत्रक

अंथरूण पाहून पाय पसरावेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. पगारदाराचे अंथरूण दरमहा सारख्याच लांबीचे असते. कोरडवाहू शेतकऱ्याचे मात्र पाऊस व बाजारभाव यांप्रमाणे दरवर्षी लहानमोठे होते. म्हणून त्याने वर्षाचा खर्च चांगल्या सालाच्या मापाने न आखता हलक्या सालाच्या मापाने आखणे इष्ट होय.

मराठवाडा व विदर्भातील सोयाबीन-तुरीच्या शेतीचे उदाहरण घेऊ. सोयाबीनचा पैसा बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात व तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत हाती येतो. खर्च मात्र बाराही महिने चालतो आणि जूनमध्ये पेरणी व मुलांची शाळा ही दोन्ही ओझी एकदम येऊन पडतात. त्या वेळी हाती पैसा नसेल तर बी-खत उधारीने घ्यावे लागते व पुढील माल उधारी देणाऱ्याच्याच काट्यावर न्यावा लागतो. ही अडचण टाळण्याचा काळ जून नव्हे, तर माल विकला जातो तो दिवस होय.

उत्पन्नाचा अंदाज

गेल्या पाच वर्षांच्या विक्रीच्या हिशेबपट्ट्या काढाव्यात. समजा, पाच एकरांच्या एका शेतकऱ्यास अनुक्रमे २,१०,०००, १,३०,०००, १,८०,०००, १,५०,००० व १,९०,००० रुपये मिळाले. यांतील सर्वांत कमी दोन वर्षांची सरासरी १,४०,००० रुपये येते. हाच आकडा अंदाजपत्रकाचा पाया धरावा.

रकमेची वाटणी

१. पीककर्जाची परतफेड, अथवा कर्ज नसल्यास पुढील खरिपाचे बी, खत व मजुरी : ६०,००० रुपये
२. शाळा, औषधपाणी, विमा, सणवार : २०,००० रुपये
३. घरखर्च : ६०,००० रुपये, म्हणजे दरमहा ५,००० रुपये

पहिल्या दोन रकमा विक्रीच्या आठवड्यातच वेगळ्या कराव्यात. शक्य तर त्यांसाठी बँकेत निराळे खाते ठेवावे. घरखर्चाची रक्कम दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेसच काढावी. आपणच आपल्याला पगार देतो आहोत, असे समजावे. हा पगार अपुरा वाटल्यास दूध, कोंबड्या वा मजुरीचे उत्पन्न त्याला जोडावे. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. ते दुसऱ्या बाबीसाठी राखावेत.

चांगल्या वर्षाची शिल्लक

ज्या वर्षी १,९०,००० रुपये येतील, त्या वर्षी ५०,००० रुपये अधिक राहतील. म्हणून घरपगार लगेच वाढवू नये. प्रथम जास्त व्याजाचे खासगी देणे फेडावे. नंतर एका खरिपाच्या लागवडीइतका राखीव निधी पुरा करावा. त्यानंतरच घरदुरुस्ती, अवजारे अथवा लग्नकार्य यांचा विचार करावा. अंदाजापेक्षाही कमी पिकलेल्या वर्षी हा निधीच घर सांभाळील.

कर्ज व विक्री

किसान क्रेडिट कार्ड योजना १९९८ पासून चालू आहे. या पीककर्जावरील व्याजाची सवलत वेळेवर परतफेड करणाऱ्यासच पूर्णपणे मिळते. म्हणून परतफेडीस वाटणीत पहिले स्थान दिले आहे. काढणीच्या वेळी भाव पडले असतील, तर राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेची चौकशी जवळच्या बाजार समितीत करावी. माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या काही भागाइतके कर्ज मिळते व विक्री पुढे ढकलता येते. हे कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, याचे भान ठेवावे.

कार्यकर्त्यांस सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सोयाबीनची काढणी सुरू होण्यापूर्वी निदान पाच कुटुंबांत बसून असे अंदाजपत्रक तयार करून घ्यावे. या बैठकीत घरातील गृहिणीस अवश्य बसवावे, कारण महिन्याचा किराणा, दळण व औषध यांचे खरे आकडे तिलाच ठाऊक असतात. तिच्यावाचून मांडलेला हिशेब कागदावरच राहतो. पुढील मे महिन्यात तीच वही पुन्हा उघडावी आणि पेरणीची रक्कम शाबूत आहे की नाही, एवढे आवर्जून पाहावे.